खिडकीतून दिसणाऱ्या झाडाचे वर्णन करा

पदवीधर माणसाला सगळ्यातलं थोडं थोडं यायला हवं, असं ज्या कोणा विद्वानाला पहिल्यांदा वाटलं, त्याचे झाडवाल्या सरांवर फार मोठे उपकार आहेत. तो विद्वान जन्माला आला नसता, तर सर केव्हाच घरी बसून भाजी निवडत असते.

सरांचा विषय वनस्पतिशास्त्र. एके काळी त्यांच्या वर्गात चार विद्यार्थी असत आणि त्यातले दोन दुसरीकडे प्रवेश मिळेपर्यंत टेकलेले असत. विभागाला कुलूप लावायचं जवळजवळ ठरलंच होतं. एवढ्यात वरून नियम आला. यापुढे पदवी कुठलीही घ्या, तिच्याबरोबर आपल्या विषयाबाहेरचे दोन विषय ‘सर्वांगीण शिक्षण’ म्हणून उत्तीर्ण व्हावेच लागतील. मग कॉलेजने अशा विषयांची एक टोपली केली. संगीताचा आस्वाद, जुनी नाणी, तणावमुक्त जीवन, असं जे जे खपत नव्हतं ते सगळं त्या टोपलीत टाकलं आणि तळाशी ‘झाडांची ओळख’ ठेवली. हिशेबाची मुलं संगीताचा आस्वाद घेऊ लागली. संगणकाची मुलं फुटक्या नाण्यांवरच्या राजांची तोंडं ओळखू लागली. तणावमुक्त जीवनाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांची जी गाळण उडे, ती तर तिकीट काढून पाहावी अशी.

या सगळ्यांत झाडांची ओळख सर्वांत लोकप्रिय ठरली. चाराचे तीनशे झाले. सर आनंदाने फुलून गेले. नव्या पिढीला निसर्गाची ओढ आहे, असं ते स्टाफरूममध्ये चहाच्या कपासमोर बसून सांगत. स्टाफरूममधल्या बाकीच्यांना खरं कारण ठाऊक होतं. पण सरांचा चहा कडू करण्यात त्यांना काही मिळणार नव्हतं.

सुरुवातीला मात्र सर खरोखर चांगलं शिकवत. हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही त्यांना निव्वळ बावळट समजाल. वर्ग होता तो इमारतीच्या मागच्या बाजूचा मोठा हॉल. त्याच्या खिडकीबाहेर नीलगिरीचं एक प्रचंड झाड होतं. पहिल्या दिवशी सर मुलांना खिडकीशी उभं करत आणि म्हणत, “बोलू नका. लिहू नका. तासभर नुसतं पाहा.” मुलं आधी खिदळत, मग कंटाळत आणि मग नाइलाजाने खरंच पाहायला लागत. एका मुलाला बुंध्यावर वाळलेल्या रक्तासारखा लाल डिंक दिसला. एका मुलीने परीक्षेत लिहिलं, की वरच्या फांदीवरचं कावळ्याचं घरटं काड्यांचं नाहीच, ते ऑफिसातून पळवलेल्या तारांचं आणि टाचण्यांचं आहे. वारा सुटला की हे झाड तेल न घातलेल्या दारासारखं करकरतं, असंही कोणी लिहिलं होतं. सर ती उत्तरं घरी नेऊन बायकोला वाचून दाखवत.

“झाडाचं पान न पान दिसतं तुम्हाला,” बायको म्हणे. “मी चष्मा बदलला, तो कधी दिसणार?”

सर ते कौतुकच समजत.

परीक्षेत त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता: ‘खिडकीतून दिसणाऱ्या झाडाचे स्वतःच्या शब्दांत वर्णन करा.’ त्याला निम्मे गुण. हा प्रश्न सरांनी कधी बदलला नाही. झाड तेच असलं तरी पाहणारा नवा असतो, असं ते म्हणत. वाक्य चांगलं होतं. पण तीनशे पाहणाऱ्यांनी मिळून एक सोपा मार्ग शोधला होता. कोण्या एका वर्षी कोण्या एका हुशार मुलाला त्या प्रश्नात पूर्ण गुण मिळाले. त्याचं उत्तर आधी झेरॉक्सवर फिरलं, मग फोनवर फिरलं आणि हळूहळू ते ‘खिडकीची नोट’ म्हणून अमर झालं. नोट अशी: ‘सालीचे लांब पट्टे सुटतात व आतून खोड गुळगुळीत, फिकट दिसते. पाने कोयत्यासारखी बाकदार असून खाली लोंबतात. पान चुरडल्यास सर्दीच्या औषधासारखा वास येतो. एकंदरीत वृक्ष भव्य आहे.’

बंद हॉलमध्ये बसून तीनशे जणांनी पान कसं चुरडलं, हा प्रश्न सरांना पडायला हवा होता. नाही पडला. आपण शिकवलेलं मुलांच्या हाडीमाशी खिळलंय, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

मधल्या काळात हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र आलं. उजेडात चित्रं फिकी दिसतात म्हणून खिडक्यांना जाड काळे पडदे लागले. आता सर अंधारात उभे राहून पडद्यावरच्या झाडाचं पान बोटाने दाखवत आणि मुलं अंधाराचा जो काय उपयोग करायचा तो करत. पूर्वी सर मागच्या फाटकाने यायचे, झाडाखालून. ते फाटक सुरक्षेच्या कारणाने बंद झालं. मग पुढचं फाटक, स्टाफरूम, अंधारा हॉल, पुन्हा पुढचं फाटक. सरांचे गुडघेही दुखायला लागले होते. एकूण काय, पाहायला शिकवण्याच्या कामात पाहायची सवड उरली नव्हती.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कॉलेजात ‘सर्वांगीण शिक्षण केंद्र’ उभं राहिलं. टोपलीतल्या विषयांना सुट्टीत बांधून काढलेलं स्वतःचं ऑफिस, स्वतःच्या प्रमुख बाई आणि स्वतःचा शिक्का मिळाला. उद्घाटनाला सरांना खास बोलावणं होतं. नव्या रंगाचा वास येत होता, एसी इतका जोरात होता की सरांनी मफलर सोडला नाही आणि बाईंच्या टेबलावर कुंडीत प्लास्टिकचं एक टवटवीत झाड होतं. ‘आजच्या माणसाची नजर हरवली आहे’ या विषयावर सर बोलले. टाळ्या पडल्या. मग सर त्या एसीखालीच उभं राहून बिस्कीट खात राहिले.

यथावकाश परीक्षा झाली आणि तपासायचा गठ्ठा सरांच्या जेवणाच्या टेबलावर आला. सर त्या प्रश्नाची पानं चवीने वाचत आणि समासात लाल पेनाने ‘उत्तम निरीक्षण’ असं लिहीत. उत्तम निरीक्षण, उत्तम निरीक्षण, उत्तम निरीक्षण. बायको समोर बसून शेंगा सोलत होती. गठ्ठ्याच्या शेवटी एक उत्तर आलं: ‘खिडकीतून झाड दिसत नाही. पिवळी भिंत दिसते.’ पुढे आणखी चार ओळी होत्या, पण त्या वाचायची सरांना गरज वाटली नाही.

“भिंत म्हणे!” सर कडाडले. “अगं, यापेक्षा कोरा कागद परवडला. हा निव्वळ उद्धटपणा आहे.”

“असेल भिंत,” बायको म्हणाली.

“तिथे नीलगिरी आहे. मी तिथे आयुष्य काढलंय.”

त्यांनी भोपळा दिला, त्याच्याभोवती गोल केला आणि खाली लिहिलं: ‘निरीक्षणाचा पूर्ण अभाव.’

तो भोपळा जिच्या पदरात पडला, तिला वर्गात ‘शेवटची बस’ म्हणत, कारण सगळे आले की मग ती यायची. मुलगी हिशेबाच्या पदवीची. सकाळी बेकरीच्या काउंटरवर उभी राहायची, तिथून धावत वर्गात येऊन पोहोचेपर्यंत हजेरी संपलेली असायची. ती काही फार गुणी विद्यार्थिनी होती अशातला भाग नाही. झाडांच्या तासाला ती झोपायची. अंधार होता, आणि पहाटे उठणाऱ्या माणसाला अंधार मिळाला की तो काय करणार? मैत्रिणीने तिला खिडकीची नोट फोनवर पाठवली होती, पण ती वाचायचीही राहून गेली. परीक्षेला ती उशिरा आली तेव्हा एकच जागा शिल्लक होती, खिडकीशेजारची. प्रश्न वाचल्यावर तिच्यापुढे दुसरा इलाजच नव्हता. तिने पडदा बाजूला केला आणि जे दिसलं ते लिहिलं.

निकाल लागला आणि ती झाडांच्या ओळखीत नापास झाली. हिशेबाच्या सगळ्या विषयांत ती उत्तम पास होती. मालवाहतुकीच्या एका कंपनीत तिची नोकरी पक्की झाली होती. सोमवारी पदवीचा कागद दाखवायचा होता. बेकरीवाल्याला तिने सोडून जात असल्याचं सांगितलं होतं आणि त्याने तिच्या जागी दुसरी मुलगी उभीही केली होती. आता कागद नाही तर कंपनी नाही, आणि बेकरीही नाही. ज्या बाईला आयुष्यभर मालमोटारींची बिलं जुळवायची होती, तिचं गाडं नीलगिरीला जाऊन अडकलं होतं. याला म्हणतात सर्वांगीण शिक्षण.

ती स्टाफरूममध्ये आली तेव्हा सर एकटेच होते. तिने काय ते सांगितलं.

“सोमवारची नोकरी म्हणून मी भिंतीला गुण देऊ?” सर म्हणाले. “तीनशे मुलांना झाड दिसलं. तुलाच तेवढं दिसलं नाही?”

“सर, तिथे झाड नाहीये.”

“माझी चेष्टा करायला आलीस?”

“नाही हो सर. कशाला करू? तुम्ही चला ना, दोन मिनिटं लागतील.”

तिचा आवाज रडवेला झाला होता. सरांना दया आली, आणि थोडी खुमखुमीही आली. हिला खिडकीशी उभं करून बुंध्यापासून शेंड्यापर्यंत झाड समजावून द्यायचं, मग हवं तर पुनर्परीक्षेसाठी शिफारस करायची, असं त्यांनी ठरवलं. तिची उत्तरपत्रिका बरोबर घेतली. हॉल रिकामा होता. सरांनी ऐटीत पडदा ओढला, बाहेर बोट दाखवलं आणि तोंड उघडलं.

बाहेर पिवळी भिंत होती.

सरांचं बोट तसंच राहिलं. आधी त्यांना वाटलं, आपण चुकीच्या खिडकीशी आलो. त्यांनी शेजारची खिडकी उघडली, मग तिच्या शेजारची. पळसाला पाने तीनच. तीनही खिडक्यांतून पिवळी भिंतच. मग त्यांनी हातातल्या उत्तरपत्रिकेकडे पाहिलं आणि न वाचलेल्या चार ओळी पहिल्यांदा वाचल्या. ‘भिंतीवर एसीचा डबा आहे. त्यातून पाणी ठिबकते व भिंतीवर हिरवट ओघळ आला आहे. खाली मोठा कापलेला बुंधा आहे, त्यावर कोणीतरी रंगाचा डबा ठेवला आहे. पूर्वी इथे फार मोठे झाड असावे.’

सरांनी एकेक ओळ वाचून बाहेर पाहिलं. डबा होता. ओघळ होता. बुंधा होता. ज्या एसीखाली उभं राहून त्यांनी बिस्कीट खाल्लं होतं, तोच हा एसी, मागच्या अंगाने. ते बाकावर बसले. झाड गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी होती ती लाज. सबंध पावसाळा झाड नव्हतं आणि ते अंधारात झाडाबद्दल बोलत राहिले होते.

“सर, मग पास ना मी?” शेवटच्या बसने विचारलं.

दोघं केंद्रात गेले. प्रमुख बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि रुमालाने प्लास्टिकच्या झाडाची धूळ पुसली.

“एवढंच ना सर? द्या हिला गुण. गुण वाढवायच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात लिहा, बेरजेतली चूक.”

“बेरीज बरोबर आहे.”

“सर, बेरजेची चूक कोणाचीच नसते, म्हणून ती बरी.”

“आणि बाकीचे तीनशे?” सरांनी विचारलं. “त्यांनी नसलेलं झाड पाहिलंय. मी त्यांना उत्तम निरीक्षण म्हणून शेरे दिलेत.”

“त्यांनी अभ्यासक्रमाप्रमाणे लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “झाडच अभ्यासक्रमाप्रमाणे राहिलं नाही, त्याला ती पोरं काय करणार?”

मग त्यांनी आवाज खाली आणला. हा कागद समितीकडे जातो. टोपलीत कुठले विषय ठेवायचे, ते समिती याच महिन्यात ठरवणार आहे. तणावमुक्त जीवनवाले आणखी एका तासासाठी टपूनच बसलेत. झाडांच्या सरांना झाड गेलेलं कळलं नाही, असं कागदोपत्री आलं की संपलंच. “तुमचीच काळजी वाटते म्हणून सांगते, सर.”

सर घाबरले. खोटं कशाला सांगा, चांगलेच घाबरले. विषय गेला तर त्यांना दुसरं काही येत नव्हतं. शेजारी मुलगी उभी होती, तिचीही काही तक्रार नव्हती. “लिहा ना सर बेरीज,” ती म्हणाली. “मला काय, सोमवारी कागद मिळाला की झालं.” सगळ्यांचं भलं होत होतं. सरांनी खिशातून पेन काढलं. ते नेमकं लाल निघालं. पेनकडे पाहताना त्यांना मुलीच्या पेपरावरचा आपलाच शेरा आठवला आणि कानशिलं तापली. त्यांनी पूर्ण गुण लिहिले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘परीक्षकाच्या निरीक्षणाचा पूर्ण अभाव.’ खाली सही केली.

बाईंनी वाचलं, उसासा टाकला आणि शिक्का मारला.

इथे सरांच्या त्यागाबद्दल दोन चांगले शब्द लिहायची माझी फार इच्छा होती. पण त्या रकान्याच्या वाऱ्यालाही कोणी उभं राहिलं नाही. समितीने गुण वाढलेले पाहिले, निकाल शंभर टक्के लागलेला पाहिला आणि ‘झाडांची ओळख’ हा आदर्श विषय असल्याचा ठराव केला. सरांनी हुतात्मा व्हायची सगळी तयारी केली होती, ती फुकट गेली. पण हे पुढचं झालं.

त्या दिवशी दोघं केंद्रातून बाहेर पडले आणि मागच्या बाजूने निघाले. वाटेत तो बुंधा होता. सर थांबले म्हणून मुलगीही थांबली. तिच्या हातात शिक्क्याचा कागद होता, सोमवार तिच्या मुठीत होता, त्यामुळे तिला आता जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल बरं वाटत होतं. रंगाचा डबा तिने उचलून बाजूला ठेवला.

“केवढा जाड आहे हो,” ती म्हणाली. “सर, कसं होतं ते झाड? म्हणजे खरं खरं?”

पहिल्यांदाच कोणीतरी परीक्षेशिवाय विचारत होतं. सरांनी मान वर केली, जिथे फांद्या असायच्या तिथे पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली.

“सालीचे लांब पट्टे सुटायचे. आतून खोड गुळगुळीत, फिकट. पानं अशी कोयत्यासारखी, बाकदार, खाली लोंबलेली. पान चुरडलं ना, की सर्दीच्या औषधासारखा वास यायचा...”

ते थांबले. आणखी काहीतरी होतं. वर, त्या फांदीवर काहीतरी होतं. बुंध्यावरही काही होतं. वारा सुटला की काहीतरी व्हायचं. कोणीतरी लिहिलं होतं, त्यांनी घरी नेऊन वाचून दाखवलं होतं. सरांनी डोळे मिटून पाहिले, उघडून पाहिले. समोर एसीचं पाणी ठिबकत होतं.

“एकंदरीत,” सर म्हणाले आणि अडखळले.

“वृक्ष भव्य आहे,” तिने पुरं केलं. तिच्या आवाजात चेष्टा अजिबात नव्हती. “हे नोटमध्ये आहे, सर. निकाल लागल्यावर मी वाचली.”

मग बेकरीत शेवटचा हिशेब करायला जायचं होतं म्हणून तिने सरांना नमस्कार केला आणि ती भराभर निघून गेली. सर बुंध्याजवळ उभे राहिले. बराच वेळ ते वर पाहत होते.